मुंबई ते टोकियो: दारापासून दारापर्यंत

लेकीचं बाळंतपण टोकियोतच करायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात आधी चर्चा झाली ती तासांची, तिकिटाच्या किमतीची नंतर. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या आणि जावयांचा फोन आला, तर गिरगावातल्या आमच्या दारातून निघून तिच्यापाशी पोचायला किती वेळ लागेल? तिनं माहेरी यावं अशी आमची फार इच्छा होती. पण बहुतेक विमान कंपन्या छत्तीस आठवडे भरल्यावर गरोदर बाईला विमानात घेत नाहीत, आणि त्याच्या बऱ्याच आधी येऊन राहायचं तर तिची नोकरी, तिचे तिथले डॉक्टर, सगळंच विस्कटलं असतं. म्हणजे जायचं ते आम्हीच.

मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे मोबाईलवर आकडा शोधण्याआधी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. बारा इंची गोल, विषुववृत्तावर त्याचा घेर भरतो ९६ सेंटीमीटर, आणि खऱ्या पृथ्वीचा साधारण ४०,००० किलोमीटर. शिवणाचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं टोकियोवर नेऊन ताणलं. दोरा भरला सोळा सेंटीमीटरच्या किंचित वर. त्रैराशिक मांडलं की पावणेसात हजार किलोमीटर येतात, आणि सरळ हवाई अंतर तेवढंच आहे, सुमारे ६,७५० किलोमीटर. ह्यांनी लगेच मोबाईलवर ताळा करून पाहिला आणि मान डोलावली.

अंतरापेक्षाही दोरा कुठून जातो हे बघण्यासारखं होतं. सपाट नकाशावर मुलं पट्टी ठेवून रेघ मारतात, ती बांगलादेश, म्यानमार, शांघाय करत जपानला पोचते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र मुंबईहून ईशान्येला चढतो, झारखंड-बिहारवरून भूतानच्या अंगानं हिमालय ओलांडतो, तिबेटचा पूर्वेकडचा भाग आणि सिचुआन कापतो आणि मग कोरियाच्या दक्षिणेवरून जपानमध्ये उतरतो. गोलावर सर्वांत जवळचा रस्ता हाच. वर्गात हे समजावताना मला दरवेळी वाटायचं, एकदा या रस्त्यानं स्वतः जायला मिळावं.

प्रत्यक्षात विमान त्या रस्त्यानं जात नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला ताबडतोब दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांमधला प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटंच पुरतो. तिबेटवर तीन हजार मीटरला उतरायचं म्हटलं तर खाली हवा नाही, डोंगर आहे. म्हणून विमानं सहसा पठाराला दक्षिणेकडून वळसा घालतात: कोलकाता, बांगलादेश, म्यानमारचा उत्तर भाग, चीनमधलं कुनमिंग. पुढे आमच्या समोरच्या पडद्यावर तीच वाट दिसली. ज्या मुलांनी पट्टीनं रेघ मारली म्हणून मी वहीत लाल शेरा दिला होता, त्यांच्या रेघेच्या बऱ्याच जवळून आम्ही गेलो. अंतर दोऱ्याचंच खरं, पण वाट ठरवली ती डोंगरानं.

आता वेळ. तिकीट हातात आलं आणि चाळीत ज्यानं त्यानं ते वाचलं. मुंबईहून सुटणार संध्याकाळी ८ ला, टोकियोच्या नारिता विमानतळावर पोचणार सकाळी साडेसातला. परतीचं विमान सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला मुंबईत. शेजारच्या काकांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "वहिनी, जाताना साडेअकरा तास बसायचं म्हणजे त्रासच आहे हो. येताना मात्र सहा तासांत घरी." बाकीच्यांनीही तेच मोजलं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या असतात. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणून जाताना साडेअकरातून साडेतीन वजा करायचे, उरले आठ. येताना सहात साडेतीन मिळवायचे, झाले साडेनऊ. म्हणजे दिसतं त्याच्या बरोब्बर उलट, जाताना कमी आणि येताना दीड तास जास्त.

साडेतीन तासांचा हिशेबही सरळ आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, जपानची आकाशी गावावरून जाणाऱ्या १३५ अंशांची. मधे साडेबावन्न अंश, दर पंधरा अंशांना एक तास, झाले साडेतीन. पण मुंबई काही मिर्झापूरला नाही. मुंबई ७३ अंशांवर, टोकियो १४० अंशांच्या जवळ. सूर्याला विचाराल तर दोन शहरांत जवळजवळ साडेचार तासांचा फरक आहे. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ती इथे पाळली जात होती. माझे सासरे घड्याळ लावताना "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" असं विचारायचे. टोकियोत फेब्रुवारीच्या शेवटी संध्याकाळी साडेपाचलाच दिवस मावळताना पाहिला, आणि गिरगाव चौपाटीवर तेव्हा पावणेसातपर्यंत उजेड असतो हे आठवलं, तेव्हा त्या जादा तासाचा अर्थ मला जेवढा कळला तेवढा कुठल्या आकृतीतून कळला नव्हता.

मग येताना दीड तास जास्त का? वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस झोत असतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिण अंगानं, उत्तर भारतावरून चीनकडे जातो आणि जपानवर त्याचा जोर जगातल्या सर्वांत मोठ्या जोरांपैकी असतो, ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. त्याची पहिली पद्धतशीर मोजणी जपानमध्येच झाली. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात टोकियोच्या ईशान्येला तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले, आणि जगाला कळावं म्हणून आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. ती भाषा वाचणारे होते किती? एवढं मोठं काम बरीच वर्षं बाहेर कुणाच्या नजरेत भरलं नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मे संपून आपला पावसाळा जवळ येतो तसा हा झोत सरकत तिबेटच्या उत्तरेला जातो, म्हणून जाण्या-येण्यातला फरक हिवाळ्यात सर्वांत मोठा आणि पावसाळ्यात कमी. जानेवारी-फेब्रुवारीत परतणाऱ्यानं दहा तास धरून चालावं.

एवढं सगळं मांडूनही आमचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. आठ तास हे विमान असेल तेव्हाचे. थेट विमान दिवसातून हवं तेव्हा मिळतंच असं नाही. आजचं संध्याकाळचं सुटलं आणि फोन रात्री दहाला आला तर? म्हणून वहीचं एक पान आखून दुसऱ्या वाटा लिहिल्या. दिल्लीमार्गे गेलं तर मुंबई-दिल्ली १,१४० आणि पुढे टोकियो ५,९०० च्या आसपास, म्हणजे एकूण सुमारे सात हजार किलोमीटर. दोरा ईशान्येलाच चढत असल्यामुळे दिल्लीचा फेरा जेमतेम अडीच-तीनशे किलोमीटरचाच पडतो. हाँगकाँगमार्गे सव्वासात हजार. बँकॉकमार्गे साडेसात हजारांच्या थोडं वर. सिंगापूरमार्गे सव्वानऊ हजार, म्हणजे अडीच हजार जास्त, कारण आधी खाली विषुववृत्ताशी जायचं आणि पुन्हा वर यायचं. दुबईवरून स्वस्त तिकीट मिळतं असं कुणीतरी सुचवलं. जपान पूर्वेला, दुबई पश्चिमेला. एकूण अंतर दहा हजारांच्या घरात जातं. ह्यांच्या गुडघ्यांकडे बघून मी ते पानावर लिहिलंसुद्धा नाही.

पण किलोमीटरपेक्षा मधल्या विमानतळावरचं थांबणं जास्त खातं. दोन तासांचा थांबा छापलेला असला तरी पहिलं विमान लांबलं की पुढचं जातं, आणि सात-आठ तासांचा थांबा असला तर सगळा प्रवास वीस तासांवर. सगळं जमेस धरून मी पानाच्या तळाशी लिहिलं: फोन आल्यापासून पोचेपर्यंत नशीब बरं असेल तर सोळा तास, नसेल तर दीड दिवस. ते वाचून आम्ही दोघंही गप्प बसलो. मग ठरवलं की फोनची वाट बघायचीच नाही, दिवस भरायच्या बऱ्याच आधी जाऊन राहायचं. परदेशात लेक असलेल्या प्रत्येक आईबापांनी हे पान एकदा बसून लिहावं असं मला मनापासून वाटतं. उड्डाणाचे आठ तास ऐकून मन निर्धास्त होतं, आणि तसं व्हायला नको.

ह्यांना रात्री नऊचं इन्सुलिन असतं. मुंबईचे नऊ म्हणजे तिकडचे साडेबारा. आमच्या डॉक्टरांनी विमानाच्या वेळा मागून घेतल्या आणि कागदावर आखून दिलं: विमानातला डोस मुंबईच्याच वेळेला, तिथे गेल्यावर रोज थोडंथोडं अलीकडे आणायचं, आणि हातातलं जुनं घड्याळ तोवर मुंबईच्याच वेळेवर ठेवायचं. प्रत्येकाचं औषध वेगळं, तेव्हा आमचा कागद कुणी वापरू नये, पण डॉक्टरांकडे जाताना उड्डाणाचे खरे तास आणि दोन गावांतला फरक लिहून न्यावा. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात द्यायचं नाही, तिथे ते गोठण्याची भीती असते. हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

लेकीला डोहाळे लागले होते हापूसचे. वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्या यायला लागल्या होत्या आणि माझा जीव तुटत होता. पण जपानमध्ये आंबा असा पिशवीतून नेता येत नाही. फळमाशीच्या भीतीनं त्यांनी आपला आंबा बरीच वर्षं बंद ठेवला होता. २००६ साली तो खुला झाला, तोही उष्ण बाष्पाची प्रक्रिया करून, तपासणी होऊन, कागदपत्रांसह पाठवलेला. म्हणून हवाबंद डब्यातला आमरस घेतला आणि अळिवाचे, डिंकाचे लाडू.

निघालो ते दुपारी साडेतीनला. गिरगावहून टी-२, म्हणजे विमानतळाचं दोन नंबरचं टर्मिनल, साधारण पंचवीस किलोमीटर. आता सागरी किनारा मार्ग झालाय, मरीन ड्राइव्हवरून थेट वरळी, तिथून सागरी सेतू, वांद्र्यापर्यंत कसं पोचलो कळलंच नाही. पण पुढे द्रुतगती मार्गावर सांताक्रूझ ते पार्ले एवढ्या टप्प्यात टॅक्सी रांगली. सामान कमी असेल तर भुयारी मेट्रो बरी, तिचं स्टेशन टी-२ लाच आहे. आमच्याबरोबर चार मोठ्या बॅगा होत्या. या साऱ्या प्रवासात मला खात्रीनं सांगता येणार नाहीत अशी मिनिटं कुठली असतील तर ती या पंचवीस किलोमीटरची. वरचे सात हजार किलोमीटर ठरल्या वेळेत जातात.

विमान आठला जागेवरून हललं. तिकिटावरची वेळ असते ती ही, दार लावून मागे सरकण्याची. उडण्याची नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि संध्याकाळी पुढे रांग असते. आम्ही बराच वेळ रांगेत सरकत होतो. खिडकीतून पुढच्या विमानांचे दिवे एकामागून एक वर जाताना दिसत होते. मग आमचं विमान धावलं आणि उठलं ते पश्चिमेकडे तोंड करून. जुहूचा किनारा खालून गेला, पुढे काळा समुद्र. जायचंय पूर्वेला आणि आपण अरबी समुद्रावर! मुंबईत वारा बहुतेक समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उठतं, हे मला ठाऊक होतं. तरी वळण संपून पंखाखाली पुन्हा शहराचे दिवे येईपर्यंत मी खिडकीवरून नजर काढली नाही. काही वेळातच दिव्यांची ती झालर मागे गेली आणि सह्याद्रीचा अंधार सुरू झाला.

बरोबर नऊला ह्यांचं इन्सुलिन झालं. जेवण झालं. कोलकात्याच्या पुढे पडद्यावर जमिनीवरचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला. एरवी असं विमान शांत हवेत ताशी नऊशेच्या आसपास जातं, वरचा सगळा वारा. ह्यांना उठवून तो आकडा दाखवला. झोपेतच म्हणाले, "ओइशींचा वारा." या माणसानं माझी सगळी बडबड ऐकलेली असते हे मला अशा वेळी कळतं. दार लावल्यापासून उघडेपर्यंत आठ तास, त्यातले प्रत्यक्ष हवेत साडेसात.

नारिता टोकियो शहराच्या मध्यापासून साठ किलोमीटरहून जास्त दूर आहे, हे आमच्या इकडे कुणी हिशेबात धरत नाही. उतरल्यावर बोटांचे ठसे, फोटो, सामान, कस्टम. जावई दारात उभे होते. लेक राहते निशिकासाई भागात, तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ. आगगाड्या बदलत, शेवटचा टप्पा मेट्रोच्या तोझाई मार्गिकेनं. दारात पोचलो तेव्हा तिथल्या भिंतीवर साडेदहा आणि ह्यांच्या जुन्या घड्याळात सकाळचे सात. दुपारी साडेतीन ते सकाळी सात, साडेपंधरा तास. पानावर सोळा लिहिले होते.

नात झाली ती आम्ही पोचल्यावर लवकरच, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बरीच आधी, भल्या पहाटे. त्या क्षणी मुंबईत मध्यरात्र उलटून गेली होती आणि आदल्या संध्याकाळचं विमान कधीच सुटलेलं होतं. आम्ही दवाखान्यात बाहेरच्या बाकावर होतो. याहून जास्त काही लिहीत नाही.

एप्रिलात परतलो. विमान साडेअकराला निघालं, खिडकीत दिवसभर ऊन, सूर्य आमच्याबरोबर पश्चिमेला चाललेला. पडद्यावरचा वेग साडेसातशे-आठशेच्या पुढे सरकेना. साडेनऊ तास झाले आणि मुंबईत अजून दिवस होता. दारापासून दारापर्यंत सतरा तास लागले. ह्यांचे पाय सुजले होते, म्हणून परतीच्या प्रवासात दर तासाला उठून मागच्या पडद्यापर्यंत फेरी मारायची हे मी आता सगळ्यांना सांगते. जाताना रात्र असते, माणूस झोपतो. येताना दिवसभर बसून राहायचं असतं आणि ते जड जातं.

आता विहीणबाई निघाल्यात, पुढचे तीन महिने त्या सांभाळणार. त्या पुण्याच्या. त्यांना फोनवर सगळं पान वाचून दाखवलं. म्हटलं, तुमचा प्रवास मुंबई विमानतळापासून धरू नका, पुण्यातल्या तुमच्या दारापासून धरा. दीडशे किलोमीटर आणि घाट, त्याचे चार तास वेगळे काढा, पावसाळा सुरू होतोय तर पाच. दिल्लीमार्गे मिळालं तर वाट जवळची आहे, खुशाल घ्या, पण थांबा तीन तासांहून कमी असेल तर नको, आणि सामान थेट टोकियोपर्यंत जातंय का ते काउंटरवर विचारून घ्या. परतीला गल्लीच्या कडेची जागा मागा, उठता-बसता येतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "लाडू अजून शिल्लक असतील का हो?" अळिवाचे संपलेत. डिंकाचे त्या नेतायत.